औषध नाही, तर मग जनुक कशाला शोधता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले आहे. तोंडी उत्तर द्यायला गेले की निम्मंच बोलून होतं, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा ‘बरं, असू दे’ असा होतो. व्याख्यान संपल्यावर, रुग्णांच्या नातेवाइकांच्या मेळाव्यात, प्रवासात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाकडून प्रश्न तोच येतो: हंटिंग्टनचं जनुक १९९३ सालीच सापडलं ना, मग औषध कुठे आहे? आणि त्याच्या मागोमाग दुसरा: औषधच नाही, तर लोकांचं रक्त तपासून त्यांना नुसती वाईट बातमी कशाला देता? हंटिंग्टन म्हणजे आईवडिलांकडून मुलांत येणारा मेंदूचा आजार; हातपाय आपोआप हलू लागतात, पुढे बोलणं आणि गिळणंही अवघड होतं. पहिल्या प्रश्नात कुतूहल असतं. दुसऱ्यात आरोप असतो, आणि तो मला लागतो.

तिसराही एक असतो, जरा आवाज खाली आणून विचारलेला: तुमच्या घरात कुणाला आहे का? नाही. कुणालाही नाही. एका आजाराच्या मागे एवढी वर्षं राहायला घरातलंच माणूस आजारी असावं लागतं, असं लोकांना का वाटतं ते मला खरंच कळत नाही.

‘विज्ञानाला वेळ लागतो’ हे उत्तर देणं मी सोडून दिलं आहे. ते खरं आहे, पण ज्याच्या वडिलांना आज घास गिळता येत नाही त्याला ते काय ऐकवायचं? शिवाय हालचालींच्या सगळ्याच आजारांत इतकं रखडलं असंही नाही. लेव्होडोपा या औषधाला उत्तम प्रतिसाद देणारा एक डिस्टोनिया, म्हणजे स्नायू आखडून हातपाय वाकडे होण्याचा आजार, आहे. औषध आधीपासून माहीत होतं; १९९४ मध्ये जनुक सापडलं आणि ते कुणाला द्यायचं हे ओळखणं सोपं झालं. सेरेब्रल पाल्सीचा शिक्का बसलेली काही मुलं त्या औषधाच्या लहानशा मात्रेवर चालायला लागली आहेत. एएडीसी या एन्झाइमच्या आनुवंशिक कमतरतेत तर चांगलं जनुकच थेट मेंदूत सोडण्याचा उपचार २०२२ मध्ये युरोपात मान्य झाला. फ्रीडरिश अटॅक्सिया या तोल जाण्याच्या आनुवंशिक आजाराचं जनुक १९९६ चं, अमेरिकेत पहिलं औषध मान्य झालं २०२३ मध्ये. हंटिंग्टन या सगळ्यांत हट्टी निघाला. आणि मी नेमकी त्याच्याच मागे लागले.

१९९३ च्या मार्चमध्ये बातमी आली तेव्हा मी विद्यार्थिनी होते. सहा गटांतल्या ५८ शास्त्रज्ञांनी मिळून चौथ्या गुणसूत्राच्या टोकाजवळचं ते जनुक शोधलं होतं. त्यात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरं पुन्हापुन्हा येतात. २६ वेळांपर्यंत असली तर काही बिघडत नाही. ४० किंवा त्याहून जास्त असली तर पुरेसं आयुष्य लाभलेल्या माणसाला आजार होतोच. एवढा स्पष्ट नियम आनुवंशिकीत क्वचित मिळतो. तेव्हाची मी छातीठोकपणे सांगत फिरायचे की आता दहा वर्षांत औषध येईल. दोषी सापडला, आता त्याला गप्प केलं की झालं.

त्या मुलीशी माझं अजून भांडण चालतं. वर्षांचा हिशेब चुकला म्हणून नव्हे, तो सगळ्यांचाच चुकला. भांडण आहे ते ‘गप्प केलं की झालं’वरून. दोषी नेमकं काय करतो, कुठल्या पेशीत करतो आणि कधी करतो, यांतलं काहीही माहीत नसताना तिला एवढी खात्री कुठून आली होती? ती उलट मला विचारते: खात्री नसती तर तू या कामात आली असतीस का? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळते, कारण खरा राग तिथे आहे.

मी डॉक्टर नाही. निकाल सांगते ती समुपदेशक, सोबत न्यूरॉलॉजिस्ट असतो. पण सीएजी किती वेळा आली तो आकडा सर्वांत आधी दिसतो तो आम्हाला, प्रयोगशाळेत. पीसीआरने असंख्य प्रती काढलेले डीएनएचे तुकडे केसासारख्या बारीक नळीतून धावतात आणि पडद्यावर शिखरं उमटतात. आईकडून आलेल्या प्रतीचं एक, वडिलांकडून आलेल्या प्रतीचं एक. सतरा-अठराच्या जागी एक उंच, टोकदार शिखर असतं. दुसरं त्याच्याच आसपास दिसलं की खोलीतली हवा हलकी होते. ते लांब उजवीकडे असलं तर बुटकं असतं, कारण लांब तुकडा पीसीआरमध्ये कमी तयार होतो, आणि त्याला खेटून आणखी बारक्या शिखरांची उतरंड असते. मग मोजायचं. एकच शिखर दिसलं तर लगेच निर्धास्त होता येत नाही. दोन्ही प्रती सारख्या लांबीच्या असू शकतात, किंवा दुसरी इतकी लांब असू शकते की तिचा तुकडा तयारच झाला नाही. त्यासाठी वेगळी चाचणी लावावी लागते. सगळं दोनदा, दोन वेगळ्या नमुन्यांवर, दोघांनी वाचायचं. कागदावर नाव नसतं, कोड असतो.

हे एवढं सांगितलं कारण पुढे जे सांगणार आहे त्यात कोड असूनही नमुना कुणाचा ते मला माहीत होतं.

पंचविशीतला एक मुलगा चाचणीसाठी आला होता. त्याचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, हंटिंग्टनने गेले. आईला धोका निम्मा, त्याला पाव. आईने चाचणी केलेली नव्हती आणि करायचीही नव्हती. ‘मला जाणून घ्यायचं नाही’ हे तिने सगळ्यांना अनेकदा स्पष्ट सांगितलं होतं. आमच्या संशोधनासाठी तिने रक्त दिलं होतं, तेही निकाल कधीही कळवू नये या अटीवर. मुलाला मात्र कळायला हवं होतं. लग्न ठरत होतं, आणि समोरच्या मुलीला अर्धवट माहितीवर हो म्हणायला लावणं त्याला पटत नव्हतं.

गाठ कुठे आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल. मुलाचा निकाल निर्दोष आला तर आईबद्दल काहीच सिद्ध होत नाही. सदोष आला तर आईचाही निकाल लागतो, तिने न विचारता. हंटिंग्टनच्या चाचणीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं १९९४ मध्ये आली. त्यांत हा पेच नोंदलेला आहे. आधी दोघांत समेट घडवण्याचे सगळे प्रयत्न करा. नाहीच जमलं तर सज्ञान मुलाच्या जाणून घेण्याच्या हक्काला आईवडिलांच्या न जाणण्याच्या हक्कापेक्षा अग्रक्रम द्यावा, असा रुग्णसंघटनांच्या प्रतिनिधींत मोठ्या बहुमताचा कौल होता. रुग्णसंघटनांचा कौल, शास्त्रज्ञांचा नव्हे, हे मी मुद्दाम सांगते. ज्यांच्या घरात आजार आहे त्यांनी ते ठरवलं होतं.

आई त्याच्यासोबत एकदा आली. मी त्या दिवशी खोलीत होते, कारण प्रयोगशाळेत नमुन्याचं काय होतं हे मुलाला विचारायचं होतं. आई खुर्चीत बसून ऐकत होती आणि तिचा उजवा हात मधूनच उडायचा. उडाला की ती तो केसांवरून फिरवायची, जणू बट मागे सारायलाच उचलला होता. थोड्या वेळाने पुन्हा तेच. चपलेत पायाची बोटं सारखी हलत होती, पियानोवर सूर शोधत असल्यासारखी. आपोआप होणारी हालचाल मुद्दाम केल्यासारखी दाखवणं आम्ही पुष्कळ रुग्णांत पाहतो. पुष्कळ रुग्णांना स्वतःच्या हालचाली जाणवतही नाहीत, हाही आजाराचाच भाग आहे. तिला त्या जाणवत नसणार असं मी गृहीत धरलं. समुपदेशक माझ्याकडे पाहत नव्हती, मी तिच्याकडे पाहत नव्हते. मुलगा आईकडे पाहत होता.

तो म्हणाला, ‘निकाल काहीही आला तरी आईला कळू देणार नाही.’ आई तिथेच होती. ती म्हणाली, ‘त्याला करू द्या.’

चाचणी झाली. दुसरं शिखर उजवीकडे होतं, चाळिसाच्या बरंच पुढे. मी मोजलं, सहकाऱ्याने मोजलं, दुसऱ्या नमुन्यावर पुन्हा मोजलं. निकाल त्याला समुपदेशकाने सांगितला.

काही दिवसांनी आई एकटीच प्रयोगशाळेत आली. असं कुणी येत नाही. आमच्याकडे रुग्णांनी यायचं नसतंच. मी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि समुपदेशकाला बोलावते म्हटलं. ‘नको,’ ती म्हणाली. ‘मॅडम, मला माझं काही सांगू नका. त्याचंही सांगू नका. तो म्हणतो रिपोर्ट चांगला आलाय. मला ते पटलंय असं त्याला वाटू दे. तुम्ही एवढंच सांगा, आईकडून मुलाकडे जाताना ते वाढतं का?’

हा प्रश्न कुठल्याही पाठ्यपुस्तकातला आहे. तो तिच्याबद्दल नव्हता, त्याच्याबद्दल नव्हता. मी उत्तर दिलं. वडिलांकडून येतं तेव्हा कधी कधी एकदम मोठी वाढ होते. आईकडून येतं तेव्हा बहुधा तेवढंच राहतं, एखाद-दोनने इकडे-तिकडे.

‘म्हणजे मला ज्या वयात सुरू झालं, साधारण त्याच वयात.’

मी काही बोलले नाही. तिचा हात उडाला. या वेळी तिने तो केसांकडे नेला नाही, तसाच माझ्यासमोर धरला. ‘दिसतं मला,’ ती म्हणाली.

मग मी तिला म्हटलं की तसं नेमकं सांगता येत नाही. आकड्यावरून सुरुवातीच्या वयातल्या फरकाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग उलगडतो, बाकीचा नाही. अगदी सारखा आकडा असलेल्या दोन माणसांत दहा-वीस वर्षांचं अंतर पडलेलं आम्ही पाहतो.

‘कशामुळे?’

‘ते अजून माहीत नाही, ताई.’

‘मग ते शोधा ना. माझं रक्त आहे ना तुमच्याकडे. त्याला अजून वीस-बावीस वर्षं आहेत.’

ती उठून गेली. कोड उघडून तिचा आकडा मी पाहिला नाही. पाहिला असता तर कुणाला कळलंही नसतं, आणि तिच्या प्रश्नाचं जास्त नेमकं उत्तर कदाचित मिळालं असतं. पण तिने घातलेली अट ती स्वतः माझ्यासमोर हात धरून उभी राहिली म्हणून संपत नाही. ‘दिसतं मला’ आणि ‘सांगू नका’ ही दोन्ही वाक्यं तिची होती, एकाच बैठकीतली. त्यांतलं सोयीचं तेवढं उचलायचा अधिकार मला नव्हता.

हा प्रसंग ऐकून काहीजण म्हणतात, बघा, औषध नसताना चाचणी केली आणि एका घरात दोघं एकमेकांशी खोटं बोलायला लागली. मला हे अन्यायाचं वाटतं. त्या घरात चाचणीच्या आधी सगळे खरं बोलत होते का? आजोबांच्या आजाराला वर्षानुवर्षं दुसरंच नाव होतं. चाचणीने भीती आणली नाही, ती तिथेच होती. शिवाय आम्ही कुणाच्या मागे लागत नाही. चाचणी यायच्या आधीच्या पाहण्यांत धोक्यातले बहुसंख्य लोक म्हणत होते की आम्ही करून घेऊ. ती आल्यावर बहुतेक देशांत दहांतला एखाद-दुसराच पुढे येतो. बाकीचे न जाणता जगायचं ठरवतात आणि आम्ही त्यांना तसं जगू देतो. हंटिंग्टनवर काम करणाऱ्या अमेरिकी संशोधक नॅन्सी वेक्सलर यांचंच पाहा. आईला हंटिंग्टन, स्वतःला निम्मा धोका; १९७९ पासून त्या व्हेनेझुएलात मराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांकडे वर्षानुवर्षं जात राहिल्या, त्याच रक्तातून १९८३ मध्ये जनुक कुठल्या गुणसूत्रावर आहे याचा पत्ता लागला, पुढे जनुक मिळालं. चाचणी ज्यांच्यामुळे शक्य झाली त्यांनी स्वतः ती करून घेतली नाही. आपल्याला आजार आहे हे त्यांनी २०२० मध्ये जाहीर केलं.

आणि तरी, त्या मुलाचा निकाल देणं आईच्या बाजूने योग्य झालं का, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. तिला आधीच कळलेलं होतं असं म्हणणं मला सोपं जातं, म्हणूनच मी त्यावर विसंबत नाही. स्वतःच्या आजाराची शंका असणं वेगळं आणि तो मुलालाही मिळाल्याचं त्याच्या चेहऱ्यावर वाचणं वेगळं. हे दुसरं तिला आमच्यामुळे वाचावं लागलं.

पण ‘शोधा ना’ म्हणाली होती, त्याचं काय झालं ते सांगते, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथून येतं.

२०१५ मध्ये चार हजारांहून अधिक रुग्णांचा संपूर्ण जनुकसंच चाळून पाहण्यात आला. एकच गोष्ट शोधायची होती: आकड्यावरून अपेक्षित वयापेक्षा आजार लवकर किंवा उशिरा कुणाला होतो, आणि त्यांच्यात वेगळं काय आहे? धागे डीएनए दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेकडे गेले, एफएएन१, एमएलएच१ अशा जनुकांकडे. हंटिंग्टनच्या प्रथिनाकडे नव्हे, दुरुस्तीकडे. मग चित्र पालटत गेलं. रक्तात आम्ही मोजतो तो आकडा फक्त सुरुवातीचा असतो. मेंदूतल्या स्ट्रायटम या भागातल्या काही पेशींत तो आयुष्यभर वाढत राहतो, आणि ही दुरुस्तीची यंत्रणाच त्या वाढीला हातभार लावते किंवा तिला आवर घालते. २०२५ च्या जानेवारीत पेशी एकेक करून मोजणारं संशोधन प्रसिद्ध झालं. त्यानुसार चाळीस-पंचेचाळीसवरून ऐंशीपर्यंत जायला पेशीला काही दशकं लागतात, मग वेग वाढतो, आणि दीडशेच्या पुढे गेल्यावर पेशी खऱ्या अर्थाने ढासळते. म्हणजे तो दोषी दशकानुदशकं जवळजवळ निरुपद्रवी असतो. हे १९९३ मध्ये माहीत असतं तर आपण औषधं वेगळ्या दिशेला शोधली असती. जनुक मिळालं म्हणजे उत्तर मिळालं, असं तुम्हालाही वाटलं आणि मलाही. मिळाला होता तो नेमका प्रश्न.

‘गप्प केलं की झालं’ या वाटेवर काय घडलं तेही लपवत नाही. टोमिनर्सेन हे औषध हंटिंग्टनचं प्रथिन कमी करण्यासाठी होतं, सदोष आणि चांगलं दोन्ही. मोठ्या चाचणीत २०२१ च्या मार्चमध्ये ते देणं थांबवावं लागलं. ज्यांना ते जास्त वेळा मिळालं त्यांची प्रकृती औषध न मिळालेल्यांपेक्षा खालावली होती. त्या दिवशी मुलाचा फोन आला. ‘मॅडम, आता?’ एवढंच विचारलं त्याने. लग्न केलंय, मुलीला सगळं सांगून. आईची शुश्रूषा तोच करतो. तिचं बोलणं आता कळत नाही. मी त्याला वाढ रोखण्याच्या नव्या वाटेबद्दल सांगितलं, एमएसएच३ या दुरुस्ती-जनुकाला आवरण्याबद्दल सांगितलं, आणि हेही सांगितलं की यातलं काहीही त्याला आज मिळण्यासारखं नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मेंदूत सोडायच्या एका जनुक-उपचाराचे आकडे आले: मोठी मात्रा मिळालेल्यांत तीन वर्षांनंतर आजाराची गती ७५ टक्क्यांनी मंदावल्याचं कंपनीने जाहीर केलं. रुग्ण मोजकेच, आणि तुलना बाहेरच्या रुग्णांच्या जुन्या नोंदींशी. मला आशा वाटते. ती त्याला किती द्यावी हे मला ठरवता येत नाही.

मराकाइबोच्या कुटुंबांचा विषय निघाला की मात्र मी बचाव करत नाही. ज्यांच्या रक्तावर हे सगळं शास्त्र उभं आहे त्या वस्त्यांत आजही रुग्णांची धड शुश्रूषा होत नाही. औषध निघालं तरी ते तिथे सर्वांत शेवटी पोचेल. तुमचा आरोप तिथे करा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

सध्या आमच्याकडे वाद चालू आहे तो असा. सीएजींच्या माळेत शेवटच्या सीएजीच्या आधी बहुतेकांमध्ये एक सीएए असतं. काही थोड्या कुटुंबांत ते नसतं, आणि नेहमीची चाचणी ते असल्याचं धरूनच मोजते, त्यामुळे शुद्ध सीएजी दोनने कमी भरतात. २०१९ पासून आपल्याला माहीत आहे की सुरुवातीचं वय या शुद्ध सीएजींवर ठरतं. सीएए गळालेल्यांत आजार अपेक्षेपेक्षा लवकर येतो. जुने नमुने आम्ही आता अक्षरन् अक्षर वाचतो आहोत. पूर्वी ज्यांना आकडा दिला त्यांतल्या काहींना तो बदलून सांगावा लागेल. काही सहकारी म्हणतात, सांगू नये. त्यांनी त्या आकड्यावर आयुष्य बेतलं आहे आणि नव्या आकड्याने हाती काहीच पडणार नाही. माझं म्हणणं, आधी प्रत्येकाला एवढंच विचारावं की नवीन काही कळलं तर ऐकायचं आहे का, आणि हो म्हणेल त्याला सांगावं. यावर ते म्हणतात, असं विचारणं म्हणजेच अर्धं सांगणं. त्यांचं चूक आहे असं मला म्हणवत नाही. त्या मुलाचा नमुना अजून वाचायचा आहे. पुढच्या बैठकीत मी पुन्हा माझंच म्हणणं मांडणार आहे.